नारळ उभा राहिला म्हणजे खाली पाणी आहे का? घरच्या घरी तपासायची पद्धत, स्टेप बाय स्टेप

उन्हाळा लागला की हा व्हिडिओ ग्रुपवर फिरायला लागतो. एक माणूस तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून हळूहळू चालतोय, एका जागी आला की नारळ आपोआप उभा राहतो, सगळे "इथंच, इथंच" म्हणतात, आणि पुढच्या सीनमध्ये बोअरच्या गाडीतून पाण्याचा फवारा. कधी नारळाऐवजी कडुनिंबाची नाहीतर उंबराची बेचकी असते, कधी एल आकाराच्या तांब्याच्या दोन काड्या. खाली कॉमेंटमध्ये नंबर मागणाऱ्यांची रांग.

आमच्याकडे बोअर घ्यायचं ठरलं तेव्हा घरात सरळ दोन पार्ट्या पडल्या. मोठे काका म्हणायचे पाणाडी (नारळ नाहीतर काडी घेऊन जमिनीखालचं पाणी शोधून देणारा माणूस) बोलवल्याशिवाय गाडी शेतात येणार नाही, आणि आम्ही पोरं म्हणायचो हे सगळं थोतांड आहे. दोन्ही बाजूंना नुसता आवाज होता, पुरावा कुणाकडेच नव्हता. मग टेस्ट करायचं ठरलं. ती कशी करायची हे नीट लिहिलेलं मराठीत कुठं सापडेना, इकडून तिकडून गोळा करावं लागलं, म्हणून इथे सगळं एकत्र लिहितोय. पुढे ओळखीतल्या लोकांकडेही हीच पद्धत वापरली. बोअर फेल गेला की पैसे तर जातातच, पण कर्ज काढून मारलेला असेल तर घर दोन-तीन वर्षं मागे जातं, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे.

काय काय लागेल

- २० लिटरचे पाण्याचे दोन कॅन, अगदी सारखे, झाकणासकट
- एका कॅनमध्ये भरायला कोरडी वाळू
- कॅन पूर्ण झाकेल असा मोठा खोका (फ्रिजचा किंवा कूलरचा चालतो, वरून बंद, खालून उघडा)
- प्लॅस्टिकचा कागद आणि कोरडं फडकं
- एक नाणं, दोन वह्या, दोन पेन
- शेतातल्या टेस्टसाठी लांब दोरी, मोजायची टेप, डोळ्यावर बांधायला जाड पंचा
- माणसं कमीत कमी तीन: पाणी शोधणारा, लपवणारा, नोंद करणारा
- नारळ, बेचकी किंवा काड्या शोधणाऱ्याने स्वतःच्याच आणायच्या

कॅमेरा असेल तर उत्तम, पण आधी विचारून लावा. चोरून शूटिंग करू नका, विश्वास गेला की टेस्टच होत नाही.

१. आधी स्वतःच्या हातात नारळ घेऊन बघा

पाणाड्याला बोलवायच्या आधी हे करा. सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ तळहातावर आडवा ठेवा, शेंडी बोटांच्या दिशेला. आता बोटं अगदी थोडी खाली-वर करा आणि तळहात जरासा खोलगट करा. नारळाचा गोल बुंधा त्या खळग्यात सरकतो आणि शेंडीकडची बाजू वर यायला लागते. थोडी सवय झाली की नारळ तुम्ही घरातल्या फरशीवर, दुसऱ्या मजल्यावर, कुठेही उभा करू शकता. काड्यांचं त्याहून सोपं आहे. मनगट आतल्या बाजूला इतकुसं कललं की दोन्ही काड्या एकमेकींवर येतात, आणि ते कलणं बाहेरच्याला तर दिसत नाहीच, धरणाऱ्यालाही कळत नाही.

हे नीट समजून घ्या. पाणाडी मुद्दाम हात हलवतो असं मी म्हणत नाहीये. बहुतेक जण मनापासून मानतात की नारळ आपोआप उठतो. आपल्या मनात "आता पाणी येणार" असं आलं की स्नायू आपल्याला न विचारता बारीक हालचाल करतात. विल्यम कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८५२ मध्ये याला आयडिओमोटर असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी मायकल फॅरेडे यांनी, म्हणजे विजेवर काम करणारे तेच शास्त्रज्ञ, आपोआप फिरणाऱ्या टेबलांवर प्रयोग केला आणि दाखवलं की टेबल हलायच्या आधी माणसांचे हात हलतात, आणि त्या माणसांना त्याचा पत्ताही नसतो.

अजून एक छोटी गोष्ट. भरलेल्या विहिरीच्या कठड्यावर किंवा चालू बोअरच्या शेजारी नारळ सपाट फळीवर ठेवा आणि हात काढून घ्या. तो उठत नाही. यावर लगेच उत्तर मिळेल की शक्ती नारळात नसते, माणसात असते, ओ पॉझिटिव्ह रक्तगट लागतो, किंवा माणूस पायाळू असावा लागतो. ठीक आहे, वाद घालू नका. म्हणूनच पुढची टेस्ट माणसासकट करायची.

२. दावा कागदावर लिहून घ्या

सगळ्यात महत्त्वाची स्टेप हीच, आणि लोक हीच गाळतात. पाणाडी काका किंवा अण्णा जे कोण असतील त्यांना शांतपणे विचारा: तुम्हाला नेमकं काय कळतं? साठलेलं पाणी कळतं का फक्त वाहतं? किती खोलीपर्यंत? किती अंतरावर दुसरं पाणी असलं तर गोंधळ होतो? वेळेचं, चपलेचं, अंगावरच्या अंगठीचं काही बंधन आहे का? जे सांगतील ते जसंच्या तसं लिहा, वाचून दाखवा, आणि "बरोबर आहे" असं म्हणवून घ्या.

इथे तुमचा टोन फार महत्त्वाचा आहे. तुम्ही त्यांना उघडं पाडायला आला नाही आहात. खूप पाणाडी पैसे घेत नाहीत, नारळ आणि पानसुपारीवर येतात, गावात त्यांना मान असतो. मी स्वतः ज्यांच्याशी बोललो ते अतिशय सरळ माणूस होते. टिंगल होणार असा वास आला की कुणीही निघून जाईल, आणि ते बरोबरच आहे.

३. खुली टेस्ट

टेस्टची जागा त्यांनाच निवडू द्या. खळं, अंगण, ओसरी, काहीही. नारळ घेऊन तिथे फिरायला सांगा आणि जिथे नारळ अजिबात उठत नाही ती जागा घ्या. म्हणजे नंतर "खाली झरा होता म्हणून गडबड झाली" असं म्हणायला जागा उरत नाही.

आता सगळ्यांसमोर पाण्याचा कॅन ठेवा, खोक्याने झाका, आणि नारळ उठतो का बघा. मग वाळूचा कॅन ठेवून बघा. वापरात नसलेला कॅन किती लांब नेला म्हणजे त्रास होत नाही तेही आत्ताच ठरवून घ्या. सगळं माहीत असताना पाण्यावर नारळ उठायलाच पाहिजे आणि वाळूवर उठता कामा नये. तसं झालं तर त्यांना विचारा, "या पद्धतीने तुम्हाला ओळखता येईल ना?" "हो" आलं की पुढे जा. "नाही, मला फक्त जमिनीखालचं वाहतं पाणीच कळतं" असं आलं तर कॅन बाजूला ठेवा आणि थेट सातव्या स्टेपवर या.

४. नाणं उडवा, डोकं वापरू नका

लपवणाऱ्याने स्वतःच्या मनाने पाणी-वाळू ठरवायचं नाही. माणूस मनाने ठरवायला लागला की तो आलटून पालटून ठेवतो, सलग चार वेळा पाणी कधीच ठेवत नाही, आणि समोरच्याला तो पॅटर्न पकडता येतो. म्हणून एकटं बसून २० वेळा नाणं उडवा, छापा आला तर पाणी, काटा आला तर वाळू, आणि क्रमाने वहीत लिहा. सलग पाच छापे आले तरी बदलायचं नाही. ती वही फक्त लपवणाऱ्याकडे.

२० च का? ५ वेळा केलं तर नशिबानेही सगळी बरोबर येऊ शकतात. आणि ५० वेळा केलं तर माणूस दमतो, मग "थकलो म्हणून चुकलं" हे कारण खरंच ग्राह्य धरावं लागतं. मधे चहाचा ब्रेक ठेवा.

५. आंधळी टेस्ट, दोन्ही बाजूंनी

क्रम असा:

शोधणारा आणि नोंद करणारा दोघं घरात, दार बंद, खिडकी बंद. लपवणारा एकटा बाहेर. वहीत बघून जो कॅन असेल तो खोक्याखाली ठेवतो, दुसरा कॅन ठरलेल्या लांबच्या जागी झाकून ठेवतो. मग तो स्वतः घराच्या मागे निघून जातो आणि फक्त एकदा टाळी वाजवतो. टाळी ऐकली की आतले दोघं बाहेर येतात, नारळाची फेरी होते, "पाणी" किंवा "नाही" असं स्पष्ट उत्तर, नोंद करणारा आपल्या वहीत लिहितो, आणि दोघं परत आत. खोका उचलून बघायचं नाही. बरोबर का चूक हे २० फेऱ्या संपेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही.

नोंद करणाऱ्यालाही उत्तर माहीत नसलं पाहिजे, यावर मी हट्टाने जोर देईन. ज्याला उत्तर माहीत आहे तो माणूस शेजारी उभा असेल तर त्याचा चेहरा, त्याचा रोखलेला श्वास, त्याचं खोक्याकडे बघणं, सगळं बोलतं. तो प्रामाणिक असला तरी बोलतं. व्हिडिओत बघा, पाणाड्याच्या भोवती दहा माणसं असतात आणि त्यातल्या निम्म्यांना जुना बोअर कुठे आहे, पाईपलाइन कुठून गेलीय हे पाठ असतं.

इथे होणाऱ्या गडबडी:

- ओल. पाण्याच्या कॅनखाली ओला गोल उमटतो. कॅन दरवेळी पुसा, खाली प्लॅस्टिक टाका.
- आवाज. पाणी डुचमळतं, वाळू डुचमळत नाही. पाण्याचा कॅन काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, आणि आत टीव्ही किंवा रेडिओ चालू ठेवा, फक्त टाळी ऐकू येईल इतपत.
- वेळ. कॅन बदलायचा नसला की लपवणारा लवकर टाळी वाजवतो. म्हणून दरवेळी दोन्ही कॅन उचलून परत ठेवायचे, तोच ठेवायचा असला तरी.
- मातीवरच्या खुणा. कॅन ओढू नका, उचला.
- लहान मुलं. खिडकीतून बघतात आणि मोठ्याने सांगतात. त्यांना त्या दिवशी मामाकडे पाठवा.

६. मोजणी, आणि पास-नापास आधीच ठरवा

दोन्ही वह्या समोरासमोर ठेवा आणि जुळवा. पण किती जुळली म्हणजे खरं मानायचं हे टेस्टच्या आधी ठरलेलं आणि सही केलेलं पाहिजे. नंतर ठरवायला बसलात तर १२ बरोबर आलेत म्हणून काका खूश आणि ८ चुकलेत म्हणून तुम्ही खूश.

नुसतं अंदाजाने बोललं तरी २० पैकी सरासरी १० बरोबर येतात, आणि ७ ते १३ च्या मधे कुठेही येणं अगदी सामान्य आहे, १०० पैकी ८८ वेळा तसंच होतं. १५ किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण २ टक्के, १६ किंवा जास्त येण्याची ०.६ टक्के. माझ्या मते १६ ची लाइन योग्य आहे. १६ किंवा जास्त आले तर मोकळ्या मनाने मान्य करा की काहीतरी वेगळं दिसतंय, आणि दुसऱ्या दिवशी लपवणारा बदलून हीच टेस्ट परत करा. दोन्ही वेळा पास झाले तर ती खरंच मोठी बातमी आहे. आणि एक लक्षात ठेवा, ज्याला खरंच पाणी कळतं त्याने १६ वर थांबायचं कारणच नाही. खुल्या टेस्टमध्ये तर प्रत्येक वेळी बरोबर येत होतं.

आमच्याकडे काय आलं? नाणं उडवून जेवढं येतं तेवढंच. उघड्या डोळ्यांनी एकही चूक नाही आणि खोका झाकला की सगळं अंदाजावर, हा फरक समोर बसून बघितला की कुणी वेगळं समजवावं लागत नाही.

७. "मला वाहतं पाणीच कळतं" म्हणणाऱ्यांसाठी शेतातली टेस्ट

मला ही टेस्ट जास्त आवडते, कारण यात खरी जमीन आणि खरं पाणी आहे, आणि खोदायला एक रुपया लागत नाही.

शेतात १०० फूट लांब दोरी सरळ ताणा. दोरीच्या कडेने नारळ घेऊन एकदा उघड्या डोळ्यांनी चालायला सांगा आणि जिथे जिथे नारळ उठेल ते अंतर टेपने मोजून लिहा. जमिनीवर खूण करायची नाही, दगड ठेवायचा नाही. समजा २२, ५१ आणि ८० फुटांवर उठला.

आता डोळे बांधा. नाकाच्या कडेने खाली दिसतं, म्हणून पंचा दुहेरी घ्या आणि वर टोपी घाला. हाताला धरून चालवणारा माणूस नवीन पाहिजे, ज्याला आधीचे आकडे माहीत नाहीत. त्याने आधी शोधणाऱ्याला दोन-चार गोल फिरवायचं आणि मग दोरीच्या या किंवा त्या टोकाबाहेर, दरवेळी वेगळ्या अंतरावरून सुरुवात करायची, नाहीतर पावलं मोजली जातात. "इथे" म्हटलं की अंतर लिहायचं. अशा निदान ६ फेऱ्या.

जमिनीखालचं पाणी पंचा बांधला म्हणून जागा बदलत नाही. त्यामुळे २२, ५१, ८० परत परत आले पाहिजेत. ३ फूट इकडे-तिकडे माफ धरा. म्हणजे एका खुणेला ६ फुटांचा पट्टा, तीन खुणांना १८ फूट, म्हणजे १०० पैकी १८. एका फेरीत ३ वेळा "इथे" म्हटलं तर नुसत्या अंदाजानेही साधारण दोन फेऱ्यांत एखादी जागा जुळणारच. तेवढ्याने हुरळून जाऊ नका. दरवेळी तिन्ही जुळतायत का ते बघा.

दोन पाणाडी मिळत असतील तर आणखी सोपं. एकमेकांना न भेटता, वेगवेगळ्या दिवशी, त्याच शेतात दोघांनी पॉइंट काढायचे आणि नकाशावर जुळवायचे.

हा प्रकार मोठ्या प्रमाणावरही झालाय. जर्मनीत कासेलला १९९० मध्ये जमिनीखाली ५० सेंटिमीटरवर पाईप पुरून, त्यातलं पाणी चालू-बंद करून ३० च्या आसपास पाणाड्यांची टेस्ट घेतली होती. टेस्ट योग्य आहे असं त्यांनी आधी स्वतः मान्य केलं होतं, आणि निकाल अंदाजाइतकाच आला. तुमच्याकडे ठिबकची मेन लाइन आणि वॉल्व असेल तर ही टेस्टही घरी होते, फक्त वॉल्वचा आणि मोटरचा आवाज लपवा.

८. नंतर येणारी कारणं

"मग गावात त्यांच्या पॉइंटला पाणी कसं लागलं?" हा प्रश्न येणारच, आणि तो चांगला प्रश्न आहे.

महाराष्ट्राचा जवळपास ८० टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. यात पाणी असतं ते वरच्या मुरमात, कुजलेल्या खडकात आणि भेगांमध्ये. नळासारखा झरा एका रेषेत वाहतोय असं चित्र बहुतेक ठिकाणी चुकीचं आहे. त्यामुळे चांगल्या पावसाच्या, सखल भागात कुठेही भोक पाडलं तरी थोडंफार पाणी लागायची शक्यता बरीच असते. पाणाड्याचा पॉइंट उपयोगी पडला का हे कळायचं असेल तर त्याच शिवारात पाणाड्याशिवाय मारलेले बोअर किती लागले हेही मोजायला पाहिजे. ते कुणी मोजत नाही. लागलेल्या बोअरची गोष्ट गावभर होते, फेल गेलेल्यावर दगड ठेवतात आणि विषय संपतो.

दुसरं म्हणजे जुन्या माणसांना जमीन वाचता येते. ओढ्याची बाजू, उताराचा खोलगट भाग, उन्हाळ्यात हिरवा राहिलेला पट्टा, उंबराचं झाड, हे सगळं डोळ्यांना दिसतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय झाडं, वारुळं आणि मातीवरून पाणी ओळखण्यावर आहे. त्यातलं सगळं बरोबर असेल असं नाही, पण ते निरीक्षण आहे, तपासता येतं. काकांचा तो अनुभव मी मनापासून मानतो. मला शंका नारळाबद्दल आहे, आणि म्हणूनच डोळे बांधायचे असतात.

"तुमची श्रद्धा नव्हती म्हणून चाललं नाही" असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या स्टेपचा कागद काढा. खुल्या टेस्टमध्ये तीच माणसं समोर होती आणि तेव्हा नारळ उठत होता. एवढंच बोला आणि थांबा.

"मानलं तर काय बिघडलं?" याला उत्तर आहे. याच काडीच्या तत्त्वावर बनवलेलं एडीई ६५१ नावाचं बॉम्ब शोधायचं यंत्र जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश माणसाने इराकला विकलं, आणि तिथल्या चौक्यांवर लोक त्याच्या भरवशावर गाड्या तपासत होते. हँडलला लावलेली सुटी फिरणारी अँटेना, आत काहीही नाही. २०१३ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. हँडल धरणाऱ्या जवानांनी एकदा खोका झाकून टेस्ट केली असती तर त्याच दिवशी कळलं असतं.

९. आणि बोअर खरंच घ्यायचा असेल तर

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं ऑफिस असतं. तिथे जाताना हे न्या: सातबारा, गट नंबर, गावाचा नकाशा, आणि आसपासच्या विहिरी-बोअरची माहिती तुम्ही स्वतः गोळा केलेली. कुणाचा किती फूट, पाणी किती फुटाला लागलं, मे महिन्यात चालतो का. फेल गेलेले बोअर आठवणीने विचारा, लोक ते आपणहून सांगत नाहीत. निरीक्षण विहिरींच्या पातळीची नोंद त्यांच्याकडे असते, तुमच्या भागाची मागा.

जमिनीत करंट सोडून खडकाचा रोध मोजायचं मशीन लावणारे खाजगी लोकही आहेत. ती पद्धत खरी आहे, पण ती पाणी दाखवत नाही, खडकाचे थर दाखवते, आणि त्यावरून अंदाज माणूसच बांधतो. त्यामुळे "शंभर टक्के पाणी" अशी गॅरंटी देणाऱ्यापासून लांब राहा, हातात नारळ असो की मशीन. रीडिंगचा कागद मागून घ्या.

गाडी बोलवायच्या आधी फुटाचा रेट, केसिंगचे (बोअरच्या वरच्या भागात बसवायच्या पाईपचे) पैसे, आणि किती फुटांवर थांबायचं हे लिहून ठेवा. खोली वाढत जाते तसा "अजून ५० फूट बघू" म्हणणारा कुणीतरी शेजारी उभा असतोच. बोअर चालू असताना वही घेऊन बसा आणि मुरूम किती फुटाला संपला, पाषाण कुठे लागला, ओल कुठे आली हे लिहा. बोअर लागो की न लागो, त्या पानाचा फोटो शेजारच्या शेतकऱ्याला पाठवा, पुढचा पॉइंट काढताना त्याला ते लागणार आहे.